कोलंबाईन: थोडं थोडं सगळ्यांनाच माहीत होतं

(पोस्ट मोठी आहे. घरात शाळेत जाणारं मूल असेल तर सवडीने वाचा.)

मध्यंतरी आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी आली. नववीतल्या मुलाने वर्गातल्याच एका मुलावर चाकू चालवला. बातमी येते न येते तोच निकाल लागायला सुरुवात झाली. कुणी म्हणालं मोबाईल, कुणी म्हणालं वेब सिरीज. एक काका म्हणाले, छडी बंद झाली तेव्हापासूनच पोरं हाताबाहेर गेली. एका ताईंनी लिहिलं, रोज गेटवर दप्तरं तपासा. सगळ्यात जास्त अंगठे मिळाले ते या सूचनेला: "असल्या मुलाला ताबडतोब दाखला देऊन घालवा."

अर्ध्या तासात कारण सापडलं, उपाय सापडला आणि ग्रुपवर परत गुड मॉर्निंगची फुलं सुरू झाली.

मी काही लिहिलं नाही. पण मनात आलं, की हे सगळं एका देशाने करून बघितलंय. हीच कारणं, हेच उपाय, तेही कायदे करून आणि अमाप पैसा ओतून. त्याचं काय झालं हे आपण नीट वाचलं तर निदान त्यांच्या चुका तरी आपल्याला फुकटात मिळतील. म्हणून ही कोलंबाईनची गोष्ट.

२० एप्रिल १९९९, मंगळवार. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराजवळची सुखवस्तू वस्ती आणि तिथलं कोलंबाईन हायस्कूल. सकाळचे सव्वाअकरा वाजून गेलेले. शेवटच्या वर्षातल्या दोन मुलांनी, एक १८ वर्षांचा आणि एक १७, शाळेवर हल्ला केला. तासाभराच्या आत १२ विद्यार्थी ठार झाले, एक शिक्षक जीवघेणे जखमी झाले, आणखी वीसहून अधिक जण जखमी झाले. शेवटी त्या दोघांनी शाळेच्या ग्रंथालयात स्वतःला संपवलं. त्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे येईलच.

पुष्कळांना माहीत नसलेली एक गोष्ट आधी सांगतो. मूळ बेत गोळीबाराचा नव्हताच. कॅन्टीनमध्ये त्यांनी गॅस सिलिंडरचे दोन मोठे बॉम्ब ठेवले होते. जेवणाच्या सुट्टीत, पाचशेच्या आसपास पोरं तिथे असताना ते फुटायचे आणि बाहेर पळत येणाऱ्यांवर यांनी गोळ्या झाडायच्या, असा बेत होता. बॉम्ब फुटले नाहीत म्हणून तेरा जीवांवर भागलं. म्हणजे हे रागाच्या भरात झालेलं काम नव्हतं. साधारण वर्षभर तयारी चालू होती.

वर्षभर. दोन शाळकरी पोरं, आईवडिलांच्या घरात राहून, रोज शाळेत जाऊन. हा शब्द लक्षात ठेवा.

पोलीस बाहेर काय करत होते? त्या काळच्या नियमाप्रमाणे शाळेला वेढा घालून खास पथकाची वाट बघत होते. आत ते शिक्षक जखमी होऊन पडलेले. आतल्यांनी खिडकीत फलक लावला, की इथे एक जण रक्तस्रावाने मरतोय. फलक बाहेर दिसत होता. मदत त्यांच्यापर्यंत पोचायला सुमारे तीन तास लागले आणि तोवर उशीर झाला होता. यावरून अमेरिकन पोलिसांनी नियम बदलला. असा हल्ला झाला तर वाट बघायची नाही, पहिल्या आलेल्याने थेट आत शिरायचं. नियम चांगलाच होता. पण २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या प्राथमिक शाळेत ३७६ पोलीस जमले आणि वर्गात शिरायला त्यांना ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. नियम कागदावर असणं आणि अंगात असणं यात किती अंतर असतं, ते तिथे दिसलं.

आता थोडं मागे जाऊ, कारण कोलंबाईन आभाळातून पडलं नव्हतं. त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत मिसिसिपी, केंटकी, अर्कान्सा, ऑरेगन अशा राज्यांत एकामागून एक शाळांत पोरांनी गोळ्या झाडल्या होत्या. अर्कान्सामधल्या जोन्सबरोला, मार्च १९९८ मध्ये, मारणारी पोरं १३ आणि ११ वर्षांची होती. चार मुली आणि एक शिक्षिका गेल्या.

आणि तरीही, गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, त्याच काळात अमेरिकेत पौगंडावस्थेतल्या मुलांची एकूण हिंसा कमी होत चालली होती. १९९३ च्या आसपास तिने शिखर गाठलं आणि मग ती उतरू लागली. पण टीव्हीवर उतरता आलेख दाखवत नाहीत, रडणाऱ्या आया दाखवतात. १९९५ मध्ये जॉन डियुलिओ नावाच्या प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाने 'सुपरप्रेडेटर' असा शब्द काढला. म्हणजे दयामाया नसलेल्या पोरांची नवी पिढी येतेय, तयार राहा. राजकारण्यांनी तो शब्द उचलला. जवळजवळ सगळ्या राज्यांनी अल्पवयीनांना प्रौढांसारखे खटले लावणं सोपं केलं. ती पिढी काही आली नाही. पुढे २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या एका खटल्यात हे भाकीत चुकलं होतं असं सांगणारं निवेदन दाखल झालं, त्यावर खुद्द डियुलिओंचंही नाव होतं. पण तोवर हजारो पोरांची उमेदीची वर्षं मोठ्यांच्या तुरुंगात गेली होती.

तर असं वातावरण तापलेलं असताना कोलंबाईन घडलं, आणि पहिल्या दोन दिवसांत कारणं सापडली. (आमच्या ग्रुपला अर्धा तास लागला. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं.)

पहिलं कारण: 'ट्रेंच कोट माफिया', लांब काळे कोट घालणारं शाळेतलं एक टोळकं. प्रत्यक्षात हे दोघं त्या टोळक्याचे धड सभासदही नव्हते. दुसरं कारण: मेरिलिन मॅन्सन हा रॉक गायक. त्याच्यावर इतकी राळ उडाली, की त्याला दौऱ्यातले उरलेले कार्यक्रम रद्द करावे लागले. ही पोरं त्याची खास चाहती नव्हती. तिसरं: 'डूम' हा व्हिडिओ गेम. तो हे दोघं खेळायचे, खरंय. पण तो लाखो पोरं खेळत होती. चौथं कारण सगळ्यांना पटलं: एकलकोंडी, सतत छळ सोसलेली पोरं, खेळाडू मुलांवर सूड उगवायला आली.

या चौथ्या कारणात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते जास्त फसवं आहे. त्या शाळेत दादागिरी होती, हे पुष्कळ विद्यार्थ्यांनी नंतर सांगितलं. पण या दोघांना मित्र होते. दोघं पिझ्झाच्या दुकानात काम करायचे. धाकट्याला विद्यापीठात प्रवेश मिळालेला, आईवडिलांबरोबर जाऊन तो ते बघूनही आला होता. हल्ल्याच्या तीन दिवस आधी तो शाळेच्या नाचाच्या समारंभाला नटूनथटून गेला होता. आणि ग्रंथालयात त्यांनी मारलं ते समोर येईल त्याला. खेळाडू, अभ्यासू, गरीब, श्रीमंत, असा काही हिशेब नव्हता. सूड घ्यायचा असता तर कॅन्टीनमध्ये पाचशे जणांसाठी बॉम्ब कशाला ठेवला असता?

२००६ मध्ये पोलिसांनी त्यांच्या वह्या आणि कागदपत्रं खुली केली. त्यातून दोन वेगळी पोरं दिसली. मोठ्याच्या वह्यांत जगाबद्दल तुच्छता आणि आपण सगळ्यांपेक्षा वरचे ही भावना. मानसतज्ज्ञांनी त्याला मनोविकृत म्हटलं. धाकट्याच्या वहीत दोन वर्षं दुःख, स्वतःबद्दल घृणा आणि मरायची इच्छा. एकाला मारायचं होतं, दुसऱ्याला मरायचं होतं. दोघं भेटले आणि एकमेकांना पुरून उरले. म्हणजे एकाच हल्ल्यामागे दोन मुलं आणि दोन निरनिराळी कारणं. 'असल्या मुलाचा' एक साचा कोलंबाईनमध्येसुद्धा सापडत नाही.

मग त्या वर्षाचं काय? वर्षभर कुणाला काहीच दिसलं नाही?

दिसलं होतं. क्रमाने बघा.

जानेवारी १९९८: दोघं एका व्हॅनमधून सामान चोरताना पकडले गेले. अल्पवयीन म्हणून सुधार कार्यक्रमात टाकले. फेब्रुवारी १९९९ मध्ये चांगल्या वर्तनाचा शेरा देऊन मुदतीआधीच मोकळे केले.

मार्च १९९८: त्यांच्याच एका वर्गमित्राच्या आईवडिलांनी मोठ्या मुलाच्या वेबसाइटची छापील पानं शेरीफच्या कार्यालयात नेऊन दिली. त्यात जिवे मारण्याच्या धमक्या होत्या, पाईप बॉम्ब बनवल्याची बढाई होती. एका अधिकाऱ्याने घराच्या झडतीच्या वॉरंटसाठी प्रतिज्ञापत्र तयारही केलं. ते न्यायाधीशांपुढे कधी गेलंच नाही. असं प्रतिज्ञापत्र होतं हेही लोकांना दोन वर्षांनी, कोर्टाच्या आदेशामुळे कळलं.

मधल्या काळात: बंदुकीच्या दुकानातून मोठ्याच्या घरी फोन आला, तुमची मॅगझिनं आली आहेत. वडील म्हणाले, मी काही मागवलेलं नाही. दुकानदाराने पुढे विचारलं नाही, वडिलांनीही विचारलं नाही. फोन ठेवला. हे मुलाने स्वतःच सांगून ठेवलंय.

फेब्रुवारी १९९९: धाकट्याने भाषेच्या तासाला गोष्ट लिहिली. काळ्या कोटातला माणूस गावातल्या मुलांना मारत सुटतो. बाई हादरल्या. त्यांनी पालकांना सांगितलं, समुपदेशकांना दाखवली. मुलगा म्हणाला, गोष्टच तर आहे. विषय संपला.

आणि मित्र. काहींनी पाईप बॉम्ब डोळ्यांनी पाहिले होते. दोन शॉटगन आणि एक कार्बाइन एका १८ वर्षांच्या मैत्रिणीने बंदुकांच्या जत्रेतून घेऊन दिली, कारण तिथे खासगी विक्रेत्याला गिऱ्हाइकाची चौकशी करावी लागत नव्हती. चौथी बंदूक एका ओळखीच्या तरुणाने विकली.

पोलिसांकडे एक तुकडा, बाईंकडे एक, वडिलांकडे एक, मित्रांकडे तीन-चार. थोडं थोडं सगळ्यांनाच माहीत होतं. ते तुकडे एका टेबलावर आणून जुळवायला कुणी नव्हतं.

एवढं सगळं समोर असताना देशाने काय केलं? आमच्या ग्रुपवर सुचवलेलं सगळं.

शाळेत बंदूक आणणाऱ्याला किमान एक वर्ष काढून टाकायचं, हा केंद्राचा कायदा १९९४ पासून होताच. कोलंबाईननंतर तो सूर सगळीकडे लागला. 'झीरो टॉलरन्स' म्हणजे कसलीही गय नाही. बंदुकीपासून सुरू झालेली शिक्षा चाकूवर आली, मग धक्काबुक्कीवर, मग उलट बोलण्यावर. २०१३ मध्ये मेरीलँडमध्ये सात वर्षांच्या एका पोराला शाळेतून दोन दिवस घरी पाठवलं, कारण त्याने खाऊचं बिस्किट कुरतडून त्याला बंदुकीचा आकार दिला होता. हसू येतं. पण पुढचं वाचून येत नाही.

टेक्सासमध्ये मुलांचा सातवी ते बारावी माग काढून केलेला अभ्यास २०११ मध्ये आला. जवळजवळ ६० टक्के मुलांना कधी ना कधी वर्गातून किंवा शाळेतून काढलं गेलं होतं. आणि ज्यांना असं काढलं, त्यांची पुढच्याच वर्षात बाल न्यायव्यवस्थेशी गाठ पडण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होती. देशभरात काळ्या मुलांना सस्पेंड करण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या तिप्पट निघालं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने तज्ज्ञांचा गट नेमून सगळे पुरावे तपासले आणि २००८ मध्ये सांगितलं, की या कडकपणामुळे शाळा सुरक्षित झाल्याचा पुरावा नाही.

दाखला हातात देण्याबद्दल जर्मनीची गोष्ट तर अंगावर काटा आणते. एरफुर्ट शहर, २६ एप्रिल २००२. एका १९ वर्षांच्या तरुणाने आपल्या जुन्या शाळेत जाऊन १६ जणांना मारलं, त्यात १२ शिक्षक होते. काही महिन्यांपूर्वी खोटं वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्याबद्दल त्याला शाळेतून काढलं होतं. तो घरी बोललाच नाही. रोज सकाळी शाळेला जातो म्हणून निघायचा. त्या राज्यातल्या तेव्हाच्या नियमामुळे शेवटच्या परीक्षेआधी बाहेर पडलेल्या मुलाच्या हातात एकही प्रमाणपत्र राहत नसे. इतकी वर्षं शिकून शून्य. त्याने जे केलं त्याचं हे समर्थन नाही, होऊच शकत नाही. पण नंतर जर्मनीने दोन्ही कड्या पाहिल्या. बंदुकीचे नियम कडक केले, वयोमर्यादा वाढवली. आणि त्या राज्याने शाळेचा नियमही बदलला, की दहावीच्या टप्प्यावर मुलाला काहीतरी प्रमाणपत्र मिळालंच पाहिजे. 'आम्ही दार कुठे बंद केलं होतं?' हा प्रश्न शाळेने स्वतःला विचारलेला मला तिथे दिसतो.

परत अमेरिका. शाळाशाळांत पोलीस आले. कोलंबाईनमध्ये त्या दिवशीही एक सशस्त्र पोलीस होताच, त्याने गोळ्याही झाडल्या, हल्ला थांबला नाही. कॅमेरे आले. त्या शाळेच्या कॅन्टीनमध्येही कॅमेरा होता. त्याने सगळं टिपलं, थांबवलं काहीच नाही. बालवाडीतली पोरं दिवे मालवून, कोपऱ्यात चिडीचूप बसण्याचा सराव करू लागली. मैदानावरच्या कवायतीसारखी आता ही कवायत.

या सगळ्या गलबल्यात एक काम मात्र शांतपणे झालं. 'सिक्रेट सर्व्हिस' म्हणजे राष्ट्राध्यक्षांना सांभाळणारी यंत्रणा. हल्ला व्हायच्या आधी हल्लेखोर ओळखायचा, हा तिचा रोजचा धंदा. शिक्षण खात्याबरोबर तिने १९७४ ते २००० मधले शाळांतले ३७ हल्ले आणि ४१ हल्लेखोर मुलं अभ्यासली. दहा जणांशी तर तुरुंगात वगैरे जाऊन बोलणं केलं. २००२ मध्ये अहवाल आला.

त्यातलं पहिलं वाक्य ध्यानात ठेवण्यासारखं: अशा मुलाचा कुठलाही एक नमुना नाही. हुशार मुलं होती, ढ होती. मित्र असलेली होती, नसलेली होती. बहुतेकांना शाळेत आधी कधी मोठी शिक्षा झालेली नव्हती.

सुमारे ७१ टक्के मुलांना आपला छळ होतोय असं वाटत होतं. ७८ टक्के मुलांनी आधी आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न केला होता. ९३ टक्के मुलांचं वागणं आधीच कुणाला तरी खटकलं होतं. ६८ टक्के मुलांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून उचलली होती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ८१ टक्के हल्ल्यांत किमान एका माणसाला आधी माहीत होतं, की हा काहीतरी करणार आहे. ५९ टक्क्यांत एकापेक्षा जास्त जणांना. हे माहीत असलेले लोक कोण? जवळजवळ नेहमीच दुसरी मुलं. मित्र, वर्गातले, भाऊबहीण. मोठ्यांपर्यंत ती गोष्ट पोचतच नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला आमचा नववीचा वर्ग आठवला. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या वर्गात एक मुलगा होता, शांत, मागच्या बाकावरचा. दहावीतली दोन-तीन पोरं त्याला रोज मैदानावर गाठायची. कधी डबा सांडायची, कधी शर्ट फाडायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो दप्तरात सुरा आणायला लागला. भूगोलाच्या वहीखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून. आम्हा पाच-सहा जणांना त्याने दाखवला होता. आम्ही कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. सरांना सांगितलं असतं तर प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर त्याला छडी बसली असती, आणि दाखलाही मिळाला असता. सांगणारा चुगलखोर ठरला असता तो वेगळाच. आणि दहावीच्या पोरांना कुणी काही म्हणालं नसतं, ती खात्री होती.

जानेवारीत एका दुपारी शाळा सुटल्यावर त्याने तो सुरा काढला. एकाच्या हाताला सात टाके पडले. नशीब म्हणायचं. दुसऱ्या दिवशी त्याला दाखला मिळाला. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. शाळेने त्या दिवसापासून दप्तरं तपासायला सुरुवात केली. आठवडाभर चाललं ते. मैदानावर पूर्वीसारखंच चालू राहिलं. फक्त तो नव्हता, म्हणून पाळी दुसऱ्यावर आली.

मला छडीची आठवण काढणाऱ्या काकांना एवढंच सांगायचंय. त्या शाळेत छडी होती. छडी होती म्हणूनच आम्ही गप्प बसलो.

अमेरिकेत ज्यांनी हा अहवाल मनावर घेतला, त्यांनी वेगळी वाट धरली. कोलोरॅडोतच २००४ मध्ये 'सेफ टू टेल' सुरू झालं. मुलाने नाव न सांगता कळवायचं, आणि ऐकणाऱ्याने त्याचं नाव शोधायचंही नाही, असा कायद्याचा आधार. तिथे बंदुकांपेक्षा जास्त तक्रारी येऊ लागल्या त्या आत्महत्येची भाषा करणाऱ्या मित्रमैत्रिणींबद्दल. मुलं एकमेकांना वाचवायला बघत होती, त्यांना फक्त जागा हवी होती. व्हर्जिनिया विद्यापीठात ड्यूई कॉर्नेल यांनी शाळांसाठी एक पद्धत बसवली. मुख्याध्यापक, समुपदेशक, मानसतज्ज्ञ, पोलीस यांनी एकत्र बसायचं आणि धमकी देणाऱ्या मुलाबद्दल विचारायचं: हे रागाच्या भरात बोलला की खरंच बेत आहे? बोलायला कशाने भाग पाडलं? त्याला काय हवंय? २०१३ मध्ये व्हर्जिनियाने सगळ्या सरकारी शाळांना असे गट सक्तीचे केले. म्हणजे कोलंबाईनमध्ये नसलेलं ते टेबल.

टेबल असूनही चूक होते, हेही सांगायला हवं. ३० नोव्हेंबर २०२१, मिशिगनमधलं ऑक्सफर्ड हायस्कूल. १५ वर्षांच्या मुलाने गणिताच्या कागदावर बंदूक आणि रक्ताचं चित्र काढलं, मदत करा अशा अर्थाचं लिहिलं. शाळेने सकाळीच आईवडिलांना बोलावलं. ते आले, बोलले आणि मुलाला शाळेतच सोडून गेले. दप्तर कुणी उघडलं नाही. चार दिवसांपूर्वी त्याच बापाने त्याच्यासाठी घेतलेलं पिस्तूल दप्तरात होतं. काही तासांत चार मुलं गेली. २०२४ मध्ये आईवडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी किमान १० वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या गोळीबारासाठी पालकांना अशी शिक्षा तिथे पहिल्यांदाच झाली.

आणि बंदूक. तिच्याविना ही गोष्ट पुरी होत नाही. दुःखी, चिडलेली, छळ सोसलेली पोरं सगळ्या देशांत आहेत. ती रागावली की हाताला काय लागतं, यावर किती जण मरतात ते ठरतं. कोलोरॅडोच्या मतदारांनी २००० मध्ये बंदुकांच्या जत्रेतली ती पळवाट बंद केली, सुमारे ७० टक्के मतांनी. देशपातळीवर मात्र गाडं अडलेलंच राहिलं. २०२० पासून अमेरिकेत मुलं आणि किशोरांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, रस्त्यावरचे अपघात मागे पडले.

परिणाम किती लांबतात, याचं एकच उदाहरण. त्या दिवशी गोळी लागून एका मुलीचे दोन्ही पाय कायमचे गेले. सहा महिन्यांनी तिच्या आईने आत्महत्या केली. ती मुलगी चाकाच्या खुर्चीतून जगत राहिली. २०१६ मध्ये हल्लेखोरांपैकी धाकट्याची आई, सू क्लेबोल्ड, यांनी पुस्तक लिहिलं तेव्हा या मुलीने जाहीरपणे लिहिलं, की तुमच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती वारली. जुन्या जखमेतून आलेल्या आजाराने गेली म्हणून सरकारी नोंदीत तिचा मृत्यू खून धरला गेला. सव्वीस वर्षांनी तेराचे चौदा झाले.

आणि नावांचं. फिनलंडमध्ये २००७ साली, क्रिमियामध्ये २०१८ साली, कोलंबाईनच्या त्या दोघांना आदर्श मानणाऱ्या पोरांनी तसेच हल्ले केले. टीव्हीने दाखवलेल्या चेहऱ्यांनी आणखी चेहरे जन्माला घातले. म्हणून अशा हल्ल्यात मुलगा गमावलेल्या एका जोडप्याने अमेरिकेत मोहीमच काढली, की हल्लेखोराचं नाव-फोटो मिरवू नका. मी ते पाळतो.

आपल्याकडे बंदुका तशा हाताशी नाहीत, हे आपलं मोठं नशीब. तरी डिसेंबर २००७ मध्ये गुरगावच्या एका शाळेत आठवीच्या मुलाला वर्गमित्रांनी गोळी घातली, पिस्तूल वडिलांचं, परवान्याचं. फेब्रुवारी २०१२ मध्ये चेन्नईत नववीतल्या मुलाने वर्गातच शिक्षिकेला भोसकलं. २०१५ मध्ये आपणही १६ ते १८ वयाच्या मुलांवर घोर गुन्ह्यांसाठी प्रौढांसारखा खटला चालवायची सोय केली. २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर (ती वेगळ्या प्रकारची होती, तिथे मुलांवर अत्याचार करणारा मोठा माणूस होता) महाराष्ट्रात शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले, तक्रारपेट्यांचीही आठवण झाली. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण भूगोलाच्या वहीखालचा सुरा कॅमेऱ्याला दिसत नाही. शेजारी बसणाऱ्या पोराला दिसतो. आणि तक्रारपेटी टांगली तर ती उघडतं कोण, उघडून काय करतं, हे पोरं दोन महिन्यांत ओळखतात.

तर आमच्या ग्रुपवर मी काल शेवटी एकच ओळ टाकली. आज रात्री जेवताना आपापल्या मुलांना विचारा: "तुझा मित्र काहीतरी भलतं करणार आहे असं तुला कळलं, तर शाळेत तू कुणाला सांगशील?"

मी घरी विचारलं. लेक बराच वेळ भात चिवडत बसली. मग म्हणाली, "पीटीच्या टीचरना. त्या ओरडत नाहीत."

एक नाव आलं, बरं वाटलं. ग्रुपवर अकरा जणांनी उत्तर दिलंय. त्यातल्या सात घरांत मूल म्हणालं, कुणालाच नाही.

पुढच्या पालकसभेत मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या घरी काय उत्तर आलं, खाली लिहा. मुलाचं आणि शाळेचं नाव नको, फक्त उत्तर.